डावीकडची शिवण

९ फेब्रुवारी

ताई,

बाटल्या पोचल्या. बाराच्या बारा धड आहेत, आणि प्रत्येकीवर तुझं नवं लेबल झळकतंय, 'बायकांच्या छातीचं कवच'. एवढ्या ठसठशीत अक्षरांत कशाला गं छापलंस? पार्सलवाला बाटल्या मोजता मोजता ते वाचत होता आणि मग सही घेताना माझ्या तोंडाकडे बघेना. भिंतीकडे बघून पेन पुढे केलं बिचाऱ्यानं.

तसं खास काही नाही लिहायला. फोनच केला असता, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे घसा फोडून घ्यायचा. त्या दळायच्या मशीननं तुझे कान खाल्लेत आणि तू कबूल करत नाहीस. परवा मी दुकानातून ओरडून सांगत होते की मला बद्धकोष्ठ नाही, तेव्हा तीन बायका ट्रायल घ्यायला बसल्या होत्या. त्या तिघींना नीट ऐकू गेलं. तूच तेवढी "कोण? कोण गेलं?" करत होतीस. म्हणून पत्र.

एक विचारायचं होतं. माझ्याकडे एक निवृत्त मास्तरीण येते शिवायला. तीही तुझं सोयाचं दूध पिते, मीच लावलं होतं. तिला डाव्या बाजूला काहीतरी हाताला लागतंय. वाटाण्याएवढं, दुखत नाही. आणि तिला कोणीतरी सांगितलंय की सोयामध्ये बायकांच्या शरीरातल्या रसासारखं काहीतरी असतं आणि त्यानं छातीत गाठी होतात. ती मला विचारत होती, मी काय सांगणार? मी कपड्याचं सांगू शकते. तू इतकी वर्षं या धंद्यात आहेस, तुला ठाऊक असेल. खरंच असतं का तसं?

तिला काय सांगू ते लिही. घाई नाही, पण लिही.

बारकी

२० फेब्रुवारी

बारके,

तुझ्या त्या मास्तरणीला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, शाळेत पोरांना असंच ऐकीव शिकवत होतात का बाई तुम्ही?

डोकं फिरलंय माझं. सकाळपासून दोन घाणे झाले, एक उतू गेला, तुझ्या पत्रापायी. कोणीतरी सांगितलं म्हणे! कोण कोणीतरी? मला समोर आणून उभं कर त्या कोणीतरीला. बारा वर्षं मी हे दूध काढतेय. दाणे भिजवते, सालं काढते, दळते, गाळते, फेस बसेपर्यंत कढवते. दाणा भिजला की नाही हे मला कोणी सांगावं लागत नाही. चिमटीत धरून दोन फाका करायच्या, आतून सपाट असला की झाला, मधे खळगा दिसला की अजून तासभर. या बोटांना कळतं ते सगळं. आणि मी वाईट वस्तू लोकांना पाजीन? माझ्या सख्ख्या बहिणीला पाजीन?

आईचं विसरलीस का? शेवटचे चार महिने मी केलंय तिचं. तिनं पदराआड काय लपवून ठेवलं होतं ते मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या हातातलं भांडं पडलं. त्यानंतरच मी या दुधाकडे वळले ना? आईला जाऊन बारा वर्षं झाली. रोजचे दोन पेले, एक दिवस खाडा नाही, आणि मला साधी पुटकुळी नाही. अगदी खात्रीनं सांगते तुला. आणखी काय पुरावा हवाय?

मास्तरणीला सांग, एक पेला पीत असशील तर दोन पी. वाटाण्याएवढं काहीतरी प्रत्येक बाईला कुठे ना कुठे लागतं. ह्या वयात शरीर असले चाळे करतंच.

ते जाऊ दे. माझे ब्लाउज पार विरले. कापड तुझ्याच पसंतीचं घे, मला काय कळतंय. मापाचा प्रश्नच नाही, आपला दोघींचा कटिंगचा कागद एकच. आई म्हणायची तसं, एकीला झाकलं की दुसरीला झाकलंच.

ताई

२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मास्तरणीला वाचून दाखवलं नाही. हार्ट अटॅकनं गेली असती.

पण तिनं दूध बंद केलंय. चिडू नकोस, पुढे वाच. तिचं म्हणणं असं की ज्यानं आली असेल ते बंद केलं की जाईल. थोडे महिने थांबून बघायचं. मला विचारशील तर मला ते अगदीच वेडगळ नाही वाटत. काचायला लागलं की आपण शिवण सोडतो, थोडं थांबतो, अंगाला बसतंय का बघतो. मीही गिऱ्हाइकाला तेच सांगते.

रोज आंघोळीला बसली की ती हात लावून बघते. कधी वाटतं कमी झालीय. कधी वाटतं हात ओला असल्यामुळे तसं वाटतंय. मग बाहेर येऊन कोरड्या हातानं पुन्हा बघते. घरात नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला तर नाहीच. डॉक्टरकडे जा म्हणाले, तर म्हणते, एकदा तिथं गेलं की मग आपण आपले राहत नाही. तिनं आपल्या आईचं बघितलंय म्हणे.

मी पिते गं दूध. काळजी करू नकोस.

सोबत एक ब्लाउज पाठवतेय, गडद निळा. दोन एकदम कापले, एक तुला, एक मला, नेहमीसारखे. घालून आरशासमोर उभी राहा आणि कुठे काय वाटतं ते मला लिही. घाईघाईत बघू नकोस. आतून शिवणीही बघ. तुला शिवणातलं काही कळत नाही हे खरं, पण इतकं कळेल.

बारकी

१८ एप्रिल

बारके,

आता तू खरी म्हातारी झालीस! तीस वर्षं शिवतेस, आजवर तुझ्या हातचा ब्लाउज मी न बघता अंगात चढवलाय. हा घातला तर डावीकडे हा एवढा झोळ! उजवी बाजू चपखल आणि डावीकडे बोटभर जागा रिकामी. मी आरशासमोर उभी राहून इतकी हसले की पॅकिंगवाली धावत आली, तिला वाटलं मला काही झालं.

आतून बघ म्हणालीस म्हणून बघितलं. डावीकडे आतलं सगळं जास्तीचं कापड सोडून टाकलंयस आणि टक्सही उसवून मोठा केलायस, पहिल्या शिवणीची भोकं दिसतात की. झोपेत शिवलास का? चष्म्याचा नंबर बघून घे. नाहीतर गिऱ्हाइकं म्हणतील, टेलरबाईचा हात गेला.

परत पाठवायचा कंटाळा केला. मीच सुई घेतली आणि डावी शिवण आत घेऊन टाकली. वाकडी झालीय, पण कोण बघतंय.

आता माझी बातमी. इथल्या बायकांच्या दवाखान्याचं कॅन्टीन रोज साठ बाटल्या घेणार! बायकांच्या दवाखान्यानं घेतलं, आता बोल म्हणावं तुझ्या मास्तरणीला. त्या कॅन्टीनच्या बाईंनी लेबल वाचलं आणि म्हणाल्या, "छान लिहिलंय, कोणी सुचवलं?" मी म्हटलं, माझ्या आईनं. खोटं काय त्यात?

मास्तरणीची गाठ गेली की नाही? गेली असेल तर ती दूध सोडल्यामुळे गेली असं गावभर सांगत फिरेल, माझ्या पोटावर पाय देईल. गेली नसेल तर तिला म्हणावं, आता तरी पुन्हा सुरू कर.

चष्म्याचं विसरू नकोस.

ताई

१ जुलै

बारके,

अडीच महिने झाले, तुझी एक ओळ नाही. बाटल्यांची दोन पार्सलं पाठवली, त्यांची पोचही नाही. ब्लाउजवरून हसले म्हणून रुसलीस का? एवढी कधीपासून नाजूक झालीस? लहानपणी तर मी वेणी ओढली की तू चावायचीस.

फोन लावला होता. तुझी लेक बोलली. काहीतरी म्हणाली, मला "शिवण" एवढंच ऐकू आलं. म्हटलं कामात असशील.

दोन शब्द लिही.

ताई

५ ऑगस्ट

ताई,

मास्तरीण कोणी नाही. मी आहे.

जानेवारीच्या शेवटी लागली हाताला. तुझं दूध मी फेब्रुवारीतच सोडलं, तुझं रागाचं पत्र आलं त्याच दिवशी. तेव्हापासून तुझ्या सगळ्या बाटल्या मी मोरीत ओतते आणि धुऊन ओळीनं लावून ठेवते. सहा महिने झाले. मला वाटलं होतं दुधानं आली असेल तर दूध सोडल्यावर जाईल. मी दर आठवड्याला टेप लावते. सुरुवातीला खरंच वाटलं, कमी झाली. मग नाही वाटलं. आता लिंबाएवढी आहे आणि कातडी आत ओढली जातेय, सुईनं धागा ओढल्यावर कापड चुरमडतं ना, तशी.

तुला मी सांगू शकले नाही. पहिल्या पत्रात विचारलं, तर तुझा दाणा, तुझा कढ, तुझी बारा वर्षं. माझं विचारणं तुझ्या दुधावरचा आरोप झाला. दुसऱ्यांदा मी तोंडानं सांगायच्या ऐवजी ब्लाउज पाठवला. तो चुकून गेला नव्हता, ताई. तो माझा होता. माझ्या अंगावर बसवलेला. आपला कागद एकच, त्यामुळे मला वाटलं, तू घालशील आणि तुला कळेल की हे कोणाच्या अंगाचं माप आहे आणि ते का बदललं. आतून बघ असं लिहिलंसुद्धा.

तू ती शिवण आत घेतलीस.

तुझं ते पत्र वाचून मी खूप रडले. मग वाटलं, बरं झालं, कोणाला काही कळत नाही म्हणजे काही नसेलच.

काल लेकीनं बघितलं. मी कपडे बदलत होते, दाराला कडी नव्हती. ती ओरडली नाही. तिनं पलंगावर बसून मला विचारलं, "आजीसारखं?"

बारकी

९ ऑगस्ट

बारके, माझे बाई,

पत्र हातात पडल्यापासून उभी आहे, बसवत नाही. आजचा घाणा टाकला नाही, मशीन बंद आहे, सगळे माझ्याकडे बघताहेत. 

मी काय लिहीत होते तुला! तोंडाला कुलूप का नाही लागलं माझ्या. चष्म्याचा नंबर! मला जोड्यानं मार.

पण आता एक दिवस घालवायचा नाही. ऐक. तिथं कोणाकडे जाऊ नकोस, इकडे ये. लेकीला घेऊन उद्याच्या गाडीला बस. इथल्या दवाखान्यात छातीची तपासणी करणाऱ्या एक बाई आहेत, फार चांगल्या, शांत बोलतात. घाबरायचं काही कारण नाही. एका मशीनसमोर उभं करतात, एक एक बाजू दोन पत्र्यांमध्ये ठेवून दाबतात. दुखत नाही, नुसतं कळतं. पत्रा मात्र थंडगार असतो, पहिल्यांदा अंगावर काटा येतो, मग काही नाही. श्वास रोखून धर म्हणाल्या की धरायचा. दोन मिनिटांचं काम. नंतर त्या पुसायला कागदी रुमाल देतात.

मग सुईनं कण काढून बघतात म्हणे, ते पुढचं. ते झालं की कळेल.

कधी येतेस ते तार कर, फोन कर, काय वाटेल ते कर. मी गाडीवर येते.

ताई

१६ ऑगस्ट

ताई,

मी आले नाही. इथंच दाखवलं. सुईची तपासणी झाली, आठ दिवसांनी सांगतील, पण डॉक्टरीणबाईंच्या तोंडावरून मला कळलं. गिऱ्हाइकाला कापड कमी पडलंय हे सांगायच्या आधी माझं तोंड तसंच होतं.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. लेकीनं एकदा वाचलं आणि तिनंच बोट ठेवलं. म्हणाली, "मावशीला कसं माहीत?"

तुला कसं ठाऊक ताई, पत्रा थंड असतो ते?

तुला कसं ठाऊक पहिल्यांदा काटा येतो आणि मग येत नाही? मग म्हणजे कधी? कितव्यांदा? कागदी रुमाल देतात हे तुला दुधाच्या गिऱ्हाइकानं सांगितलं का?

मला खरं लिही. या वेळेला दाण्याबद्दल एक अक्षर नको.

बारकी

२४ ऑगस्ट

बारके,

तीन दिवस पानं फाडतेय. आता जे येईल ते लिहिते आणि न वाचता पाकिटात घालते.

मी दर वर्षी जाते. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षापासून. अकरा वेळा झाली तपासणी.

आईचं सगळं उरकल्यावर मी दवाखान्यातले तिचे कागद आणायला गेले होते. तिथल्या नर्सनं मला बसवलं आणि म्हणाली, "तुम्ही किती बहिणी?" म्हटलं, दोघी. म्हणाली, "दोघींनी दर वर्षी तपासून घ्या, चुकवू नका. धाकटीलाही सांगा." मी हो म्हटलं. तिनं दोन फॉर्म दिले. एक मी भरला. दुसरा कपाटातल्या डब्यात आहे, अजून.

पहिल्या वर्षी सांगणारच होते. तुझ्या लेकीची परीक्षा होती, म्हटलं आत्ता कशाला भीती घाला. मग मी दुधाचं सुरू केलं. मी खोटं ठरवून बोलले नाही गं. मला खरंच वाटत होतं, त्यानं फायदा होतो. बायका विचारायच्या, तुम्हाला कसं काही झालं नाही? मी सांगायचे, रोज दोन पेले. माझ्या तोंडाकडे बघून घ्यायच्या त्या बाटल्या. मी मशीनखाली जाते असं कळलं असतं तर म्हणाल्या असत्या, हिचाच हिच्या दुधावर विश्वास नाही. म्हणून मी तीन स्टॉप पुढे उतरून मागच्या दारानं जायचे. मग तुलाही तेच सांगत गेले. दर वर्षी तिथून बाहेर पडले की वाटायचं, या वर्षी बारकीला लिहू. पण मग तुला आधीच्या वर्षांचंही सांगावं लागलं असतं. जितकी वर्षं गेली तितकं ते जड होत गेलं.

"अगदी खात्रीनं सांगते" असं तुला लिहिलं होतं ना फेब्रुवारीत? त्याच्या आदल्याच आठवड्यात माझा रिपोर्ट आला होता. खात्री त्याची होती. नाव मी दुधाचं घेतलं.

तो निळा ब्लाउज समोर ठेवलाय. मी आत घेतलेली शिवण काल उसवली. तुझी भोकं आणि माझी भोकं शेजारी शेजारी आहेत. भिजलेला दाणा या बोटांना ओळखता येतो, आणि बोटभर रिकामी जागा हातात घेऊन मी हसत बसले.

लेबलं सगळी काढली. साठ बाटल्यांची धुऊन धुऊन काढली, नखं गेली. कॅन्टीनच्या बाईंना सांगितलं, फळ्यावर नुसतं 'सोयाचं दूध' लिहा, जास्त काही नाही.

मी येते. तू म्हणशील तेव्हा नाही, मी येतेच.

ताई

७ ऑक्टोबर

ताई,

तू आलीस हे मला लेकीनं सांगितलं. वॉर्डाबाहेर बाकावर चार तास बसलीस, आणि तिनं तुला सांगितलं की मी झोपलेय. मी झोपलेली नव्हते. तुझं बोलणं मला ऐकू येत होतं, तू नर्सशी केवढ्यानं बोलत होतीस! अख्ख्या मजल्याला कळलं की तू माझी थोरली बहीण आहेस.

डावी बाजू काढली. काखेतल्या गाठीही काढल्या, त्यातल्या बऱ्याचशा चांगल्या नव्हत्या. पुढच्या सोमवारपासून औषधं चढवायची. केस जातील. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलतात, मला आवडतात. मी त्यांना सगळं सांगितलं, तुझ्या दुधासकट. म्हटलं, पीत होते म्हणून झालं का? म्हणाल्या, नाही. म्हटलं, मग सोडलं त्याचा काही उपयोग? म्हणाल्या, नाही. तुमच्या बहिणीला वाटतं तसं ते कवच नाही आणि तुम्हाला वाटलं तसं विषही नाही, साधं अन्न आहे, इतर अन्नासारखं. नेहमीच्या जेवणात खाल्लं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि तपासणीच्या जागी ते चालत नाही.

मग मी विचारलं, फेब्रुवारीत आले असते तर? त्या फाईल बघत होत्या. त्यांनी पान उलटलं आणि दुसरंच काहीतरी सांगायला लागल्या.

म्हणजे ताई, आपण दोघी सात महिने ज्याच्यावरून भांडलो त्याचा याच्याशी काही संबंधच नव्हता. तू ते वाचवतंय म्हणून बसलीस, मी ते मारतंय म्हणून बसले. तुझ्या दुधाला मी माफ केलंय. ते बिचारं मोरीत गेलं.

तुला नाही करता येत. प्रयत्न केला. मी घाबरट आहे, मी लपवलं, मी सहा महिने टेप लावत बसले, ते माझ्या पदरात आहे आणि ते मी कोणाच्या गळ्यात घालत नाही. पण मी आंधळी होते. तू डोळे उघडे ठेवून होतीस. दर वर्षी मागच्या दारानं जाऊन यायचीस आणि पुढच्या महिन्यात मला बारा बाटल्या पाठवायचीस. त्यातला एक कागद पाठवला असतास. दोन पैशांचं तिकीट लागलं असतं.

पार्सलात खाकी कागदाचं आपलं कटिंग आहे. बत्तीस वर्षांचं, कडेनं जीर्ण झालंय, जपून उघड. ते आता तुझं एकटीचं. तिथल्या कोणाही टेलरला दे, नीट शिवून देईल. मी माझ्यासाठी नवा कागद कापला. डावीकडे टक्स नाही, सरळ रेघ आहे. कापायला दोन मिनिटं लागली. मग कात्री खाली ठेवता येईना, तर लेकीनं हातातून काढून घेतली.

उत्तर पाठवायची गरज नाही. फोन तर नकोच.

पण एक काम तुला करावंच लागेल आणि ते मी विचारत नाही, सांगतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी गेली, आईला झालं, मुलगी तेहतीस वर्षांची आहे, तिनं थांबायचं नाही. काय काय तपासायचं ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय. इथल्या दवाखान्यात ती माझ्याबरोबर इतकी येऊन जाऊन आहे की त्या दारापाशी तिला आता उलटी येते. म्हणून गुरुवारी सकाळच्या गाडीनं तुझ्याकडे पाठवतेय. तुझ्या त्या शांत बोलणाऱ्या बाईंकडे तिला घेऊन जा. पुढच्या दारानं जा. डब्यातला दुसरा फॉर्म तिच्या नावानं भर.

तिला खोटा धीर देऊ नकोस आणि दूध पाजण्याचा आग्रह करू नकोस. तिच्याबरोबर आत जा, तिचा दुपट्टा, पिशवी हातात धर. आणि पत्रा थंड असतो, हे तिला आधी सांग.

बारकी